नाताळच्या आधीचे चार आठवडे: चर्च नेमकी कशाची वाट पाहतं?

डिसेंबर उजाडला की वसईच्या वाड्यांमधून किंवा पुण्याच्या कॅम्पातून जाताना ख्रिस्ती घरं लांबून ओळखू येतात. गॅलरीत कागदी चांदणी लटकलेली असते, कुठे गोठ्यासाठी पेंढा येऊन पडलेला असतो, बेकऱ्यांमध्ये केकच्या ऑर्डरी लिहून घेणं चालू असतं. बाहेरच्याला वाटतं, नाताळ सुरू झाला. पण याच घरांतली माणसं रविवारी चर्चमध्ये जातात तेव्हा तिथे नाताळचा मागमूस नसतो. वेदीवर जांभळं वस्त्र असतं. फुलांची आरास बेताची. कॅथलिक मिस्सेत, म्हणजे त्यांच्या मुख्य उपासनेत, एरवी दर रविवारी म्हटलं जाणारं गौरवगीत या दिवसांत गाळलेलं असतं. आणि पहिल्या रविवारचं शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या चरित्रग्रंथातलं वाचन, ऐकून नवखा माणूस दचकेल. एखाद्या वर्षी त्यात नोहाच्या काळचा जलप्रलय आणि रात्री घर फोडणारा चोर असतो. पुढच्या वर्षी मालक कधी परतेल ते ठाऊक नसलेला दारावरचा राखणदार. त्याच्या पुढच्या वर्षी सूर्य, चंद्र आणि ताऱ्यांतली भीतिदायक चिन्हं. बाळ नाही, गोठा नाही, मेंढपाळ नाहीत.

सणाच्या तोंडावर हे अभद्र कशाला, असा प्रश्न पडणं साहजिक आहे. या चार आठवड्यांना आगमनकाळ म्हणतात, इंग्रजी वळणाच्या मंडळींत ॲडव्हेंट. हा काळ समजून घ्यायचा तर याच प्रश्नापासून सुरुवात करावी लागते, कारण आगमनकाळातली आशा याच अवघड वाचनांतून निघते. नाताळचा आनंद आधीच थोडा थोडा वाटून टाकायचा, हा या दिवसांचा हेतू नाही.

आधी तारखांचं पाहू, कारण ते सोपं आहे. ३० नोव्हेंबर हा प्रेषित आंद्रेयाचा सण. त्याला सर्वांत जवळचा रविवार तो आगमनकाळाचा पहिला रविवार, म्हणजे २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या मधला कुठलाही. तिथून २४ डिसेंबरपर्यंत चार रविवार येतात. त्यामुळे हा काळ कधी २२ दिवसांचा असतो, कधी २८. चर्चचं नवीन वर्षही याच रविवारी सुरू होतं, १ जानेवारीला नव्हे. वाचनांचं तीन वर्षांचं चक्र असतं: एक वर्ष मत्तयाच्या शुभवर्तमानाचं, एक मार्कच्या, एक लूकच्या. वर सांगितलेली तीन वाचनं त्याच क्रमाने येतात.

ही प्रथा एका दिवसात ठरलेली नाही. स्पेनमधल्या झारागोझा इथे इ.स. ३८० मध्ये बिशपांची सभा भरली होती. तिच्या एका नियमात म्हटलं होतं की १७ डिसेंबरपासून ६ जानेवारीपर्यंतच्या २१ दिवसांत कुणीही चर्चला दांडी मारू नये. आगमनकाळाच्या अगदी जुन्या खुणांपैकी ही एक मानतात. नियम करावा लागला म्हणजे दांड्या मारल्या जात होत्या, हे उघड आहे. पुढे आजच्या फ्रान्सच्या भागात ११ नोव्हेंबरच्या संत मार्टिनच्या सणापासून उपास धरू लागले, आणि रोमने शेवटी चार रविवारांवर गाडी आणली. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये अजूनही १५ नोव्हेंबरपासून चाळीस दिवसांचा उपास असतो. केरळच्या सिरियन परंपरेत १ डिसेंबरपासून पंचवीस दिवस पाळतात. मुंबई-पुण्यातल्या मल्याळी घरांत त्या दिवसांत मांस-मासे शिजत नाहीत, ते यामुळे.

आता मुख्य अडचण. येशू जन्मून दोन हजार वर्षं झाली. जे होऊन गेलं त्याची वाट कशी पाहायची? दर डिसेंबरात "तो येणार, तो येणार" म्हणणं हे नाटक नव्हे काय?

चर्चचं उत्तर असं की वाट दोन आगमनांची आहे. एक बेथलेहेममधलं, होऊन गेलेलं. दुसरं व्हायचं आहे: ख्रिस्त पुन्हा येईल, न्याय करील, जगातलं रडणं थांबेल, ही ख्रिस्ती श्रद्धा. बाराव्या शतकातल्या बर्नार्ड ऑफ क्लेरव्हो या मठवासीयाने यात तिसरं घातलं, या दोहोंच्या मधलं, रोज माणसाच्या अंतःकरणात होणारं, गाजावाजा नसलेलं आगमन. कॅथलिक उपासनेत १६ डिसेंबरपर्यंत रोख प्रामुख्याने पुढच्या आगमनाकडे असतो आणि १७ तारखेपासून तो बेथलेहेमकडे वळतो. म्हणजे चर्चमध्ये बसलेला माणूस एका पूर्ण झालेल्या आणि एका पूर्ण न झालेल्या वचनाच्या मध्ये बसलेला असतो. नाटक म्हणायचं तर पहिल्या आगमनाबाबत म्हणता येईल. दुसऱ्याबाबत मात्र हे बसणं खरं आहे. जगात रडणं थांबलेलं नाही, हे त्याला वर्तमानपत्र वाचूनही कळतंच.

म्हणून पहिल्या रविवारी ती भीतिदायक वाचनं. जग बिघडलेलं आहे हे आधी मोठ्याने कबूल करायचं, मग आशेबद्दल बोलायचं, असा तो क्रम आहे. "सगळं ठीक होईल" हे वाक्य आगमनकाळात कुठेही येत नाही. ठीक होण्याचा अंदाज बांधायला काहीतरी पुरावा लागतो: ढग आले की पाऊस येईल. आगमनकाळातली आशा पुरावा संपतो तिथे कामाला लागते, आणि जिथून काही येईल असं वाटत नव्हतं तिथे तिचं लक्ष असतं.

या काळात सर्वाधिक वाचला जाणारा संदेष्टा यशया. त्याच्या काळी, इ.स.पूर्व आठव्या शतकात, अश्शूरी साम्राज्य आजूबाजूची लहान राज्यं गिळत होतं. इस्राएलचं उत्तरेकडचं राज्य इ.स.पूर्व ७२२ मध्ये संपलं. दक्षिणेला दावीद राजाचं घराणं कसंबसं टिकून होतं. अशा वेळी यशया म्हणतो की इशायाच्या, म्हणजे दावीदच्या बापाच्या, तोडलेल्या बुंध्याला धुमारा फुटेल. आपल्याकडे ऊस तोडून नेला की जमिनीत राहिलेल्या खोडातून खोडवा येतो, तसलंच हे चित्र. फरक एवढाच की खोडव्याची शेतकऱ्याला खात्री असते, तो त्याला पाणी देतो, खत घालतो, कारखान्यात नोंद करतो. इशायाच्या बुंध्याची कुणालाच खात्री नव्हती. पुढे इ.स.पूर्व ५८७ मध्ये बाबेलच्या सैन्याने यरुशलेम जाळलं, मंदिर पाडलं, लोकांना धरून नेलं, तेव्हा तर बुंधाही उरला नाही असं दिसत होतं.

मग जे झालं ते मला या सगळ्या वाचनांतलं सर्वांत चमत्कारिक वाटतं. सुटका दावीदच्या वंशातल्या कुणा वीराने केली नाही. इ.स.पूर्व ५३९ मध्ये इराणच्या कोरेश राजाने बाबेल जिंकलं आणि धरून आणलेल्या लोकांना परत जाण्याची मुभा दिली. यशयाच्या ग्रंथात या कोरेशाला देवाचा अभिषिक्त म्हटलं आहे. जी पदवी आपल्या राजांसाठी आणि येणाऱ्या मशीहासाठी, म्हणजे तारणाऱ्यासाठी, राखून ठेवलेली, ती एका परक्या बादशहाला. आणि पुढे देव त्याला चक्क सांगतो, की तू मला ओळखत नाहीस तरी मी तुला नावाने हाक मारली आहे. धर्माच्या चौकटीत बसून वाट पाहणाऱ्यांना हे केवढं झोंबलं असेल! मदत आली, पण ज्या दिशेला तोंड करून बसले होते त्या दिशेने आली नाही.

हीच चाल नव्या करारात पुन्हा दिसते. १७ डिसेंबरला कॅथलिक मिस्सेत मत्तयाची वंशावळ वाचतात. अब्राहामापासून येशूपर्यंत चौदा-चौदाचे तीन गट, अमक्याला तमका झाला, तमक्याला ढमका. बाकांवर जांभया सुरू होतात, फादरही जरा घाईनेच वाचतात. पण मुद्दाम कान देऊन ऐका. पुरुषांच्या त्या यादीत येशूची आई मरिया हिच्या आधी चार स्त्रिया येतात. सासऱ्याकडून न्याय मिळेना म्हणून वेश्येचा वेष घेऊन तो मिळवणारी तामार. यरीहोतली वेश्या राहाब. मवाबातून आलेली परदेशी विधवा रूथ. आणि चौथीचं तर नावही नाही, नुसतं उरियाची बायको, म्हणजे दावीद राजाने जिच्या नवऱ्याला मारवलं ती बथशेबा. घराण्याची कीर्ती सांगणारा भाट ही नावं गाळून पुढे गेला असता. मत्तयाने ती नेमकी ठेवली.

मराठीत ही लांबलचक वाट पाहण्याची कथा पहिल्यांदा सविस्तर सांगितली गेली ती गोव्यात. १५७९ मध्ये आलेल्या थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट पाद्र्याने सुमारे अकरा हजार ओव्यांचं 'ख्रिस्तपुराण' रचलं आणि ते १६१६ मध्ये छापलं गेलं. त्याचे दोन भाग आहेत. पहिलं पुराण ३६ अवस्वरांचं, म्हणजे अध्यायांचं, आणि त्यात जुन्या कराराची कथा आहे. ख्रिस्तजन्मापर्यंत पोचायला आधी हे सगळं ओलांडावं लागतं. ओवीच्या संथ चालीत कथा ऐकणाऱ्याला ताटकळत ठेवणं बरोबर जमतं.

आता मधल्या रविवारांकडे येऊ. दुसऱ्या आणि तिसऱ्या रविवारी बाप्तिस्मा करणारा योहान येतो. उंटाच्या केसांचं वस्त्र, टोळ आणि रानमध खाणारा, लोकांना फैलावर घेणारा. मत्तयाच्या वर्षी तिसऱ्या रविवारी मात्र तो वेगळाच भेटतो. हेरोदाने त्याला तुरुंगात टाकलं आहे. तिथून तो शिष्यांकरवी येशूला विचारतो, की जो येणार तो तूच का, की आम्ही दुसऱ्या कुणाची वाट पाहावी? ज्याने नदीकाठी उभं राहून येशूकडे बोट दाखवलं होतं, त्याच माणसाचा हा प्रश्न. येशू "हो" म्हणत नाही. तो म्हणतो, जे पाहता आणि ऐकता ते योहानाला जाऊन सांगा: आंधळे पाहतात, पांगळे चालतात, गरिबांना सुवार्ता सांगितली जाते. कैद्यांच्या सुटकेबद्दल एक शब्द नाही. योहान सुटत नाही, पुढे त्याचं डोकं उडवलं जातं. हे उत्तर मला अपुरं वाटतं, आणि त्याच कारणाने विश्वासार्हही. आगमनकाळात आशेची जाहिरात करायची असती तर हा प्रसंग कुणी निवडला नसता.

गंमत म्हणजे, हाच तिसरा रविवार आनंदाचा रविवार म्हणून ओळखला जातो. त्या दिवशी जांभळ्याऐवजी गुलाबी वस्त्र वापरता येतं, आणि दर रविवारी एक अशा चार मेणबत्त्या लावतात त्यांतली तिसरीही गुलाबी असते. या दिवसाचं नाव ज्या ओळीवरून आलं, ती पौलाने फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्रातली आहे: प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा. पौलाने ते पत्र कैदेतून लिहिलं.

तुरुंग आणि आगमनकाळ यांचं नातं आणखी एका ठिकाणी, अगदी अलीकडच्या इतिहासात, जुळलेलं आहे. डीट्रिख बोनहोफर या लुथरन पाळकाला नाझी सरकारने एप्रिल १९४३ मध्ये अटक केली आणि बर्लिनच्या टेगेल तुरुंगात ठेवलं. त्या नोव्हेंबरात त्याने मित्राला लिहिलं की तुरुंगाची कोठडी आगमनकाळासारखीच आहे. माणूस वाट पाहतो, काहीबाही किरकोळ करत राहतो, पण दार बंद असतं आणि ते बाहेरूनच उघडू शकतं. पुढच्या वर्षी त्याच तुरुंगात आल्फ्रेड डेल्प हा जेझुइट धर्मगुरू होता. हातात बेड्या असताना त्याने डिसेंबर १९४४ मध्ये आगमनकाळावर चिंतनं लिहिली. ती कागदं धुण्याच्या कपड्यांतून बाहेर पोचवली गेली. डेल्पला २ फेब्रुवारी १९४५ रोजी फाशी झाली, बोनहोफरला ९ एप्रिलला. महिन्याभरात जर्मनीने शरणागती पत्करली. दार उघडलं, पण या दोघांसाठी नाही. त्यांच्या आशेला यश आलं की नाही, असा हिशेब मांडता येत नाही. एवढं दिसतं की त्या कोठडीत ते इतरांना पत्रं लिहीत होते, शेजारच्या कैद्यांना धीर देत होते, आणि बाहेर कुणीतरी ते कागद जपून ठेवत होतं.

इथे आपण मंडळीपाशी, म्हणजे चर्चमध्ये एकत्र जमणाऱ्या समूहापाशी, येतो. आशा ही एकट्याने मनात बाळगायची गोष्ट असती तर चर्चमध्ये जमायचं कारण नव्हतं. घरी बसून डोळे मिटले असते तरी चाललं असतं. लूकच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय याबद्दल फार बारकाईने बोलतो, आणि तो नीट वाचला जात नाही अशी माझी तक्रार आहे.

कथा सुरू होते जखऱ्यापासून. म्हातारा याजक, बायको अलीशिबा तीही उतारवयाची (कॅथलिक घरांत तिला एलिझाबेथ म्हणतात), मूलबाळ नाही. मंदिरात धूप जाळण्याची चिठ्ठी त्याच्या नावाने निघते. आत देवदूत सांगतो, तुला मुलगा होईल. जखऱ्या म्हणतो, मला हे खरं कसं वाटावं? आणि त्याची वाचा जाते. आयुष्यभर प्रार्थना म्हणणारा, धर्माचं काम अधिकृतपणे करणारा माणूस पुढचे नऊ महिने मुका. बाहेर लोक आशीर्वादासाठी थांबले आहेत आणि हा नुसता खुणा करतोय.

सहा महिन्यांनी तोच देवदूत नासरेथमध्ये एका मुलीकडे जातो. मरिया होकार देते. पण होकार दिल्यावर ती गात नाही. ती उठते आणि घाईघाईने यहूदाच्या डोंगराळ भागात अलीशिबेकडे जाते. नासरेथपासून शंभर किलोमीटरहून जास्त वाट. का गेली हे लूक सांगत नाही. लग्नाआधी दिवस गेलेली मुलगी गावात कुणाला काय सांगणार होती, याचा अंदाज आपण करू शकतो. ती दारात नमस्कार करते, अलीशिबेच्या पोटातलं बाळ उडी मारतं, आणि अलीशिबा मोठ्याने म्हणते, तू धन्य आहेस. संशय नाही, चौकशी नाही, टोमणा नाही. मरियेचं प्रसिद्ध गीत येतं ते यानंतर. देवदूतासमोर नव्हे, दुसऱ्या एका बाईच्या उंबऱ्यावर. आणि ते गीत अंगाईसारखं मऊ नाही. अधिपतींना त्याने राजासनांवरून खाली ओढलं, भुकेल्यांना उत्तम पदार्थांनी तृप्त केलं, धनवानांना रिकाम्या हाती लावून दिलं, असं ती म्हणते. मग ती तिथे सुमारे तीन महिने राहते. घरात एक मुका म्हातारा आणि दोन गरोदर बायका.

मंडळी म्हणजे काय, याची याहून चांगली व्याख्या मला माहीत नाही. एकाच्या मनात काहीतरी अशक्य वाटणारं रुजलेलं असतं. ते खरं की भ्रम, हे त्याचं त्याला कळत नाही. दुसरा माणूस ते ओळखतो आणि मोठ्याने बोलून दाखवतो. ते पहिल्याच्या तोंडून गाणं होऊन बाहेर पडतं ते त्यानंतर. तोवर अधिकृत धर्म कदाचित मुकाच असतो.

एक गोष्ट मात्र इथे दडपून जाऊ नये. हाच अध्याय वाचला जात असताना बाकावर एखादं जोडपं असं असतं ज्याने मुलासाठी वर्षानुवर्षं प्रार्थना केली आणि काही झालं नाही. अलीशिबेची कथा त्यांना दिलासा देईलच असं नाही. उलट ती टोचू शकते. चांगला पाळक हे जाणतो आणि प्रवचनात "तुमच्याही घरी पाळणा हलेल" असलं वचन वाटत सुटत नाही. उत्तर अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये काही चर्च २१ डिसेंबरच्या सुमारास, वर्षातल्या सर्वांत मोठ्या रात्री, दुःखात असलेल्यांसाठी वेगळी उपासना ठेवतात. त्या वर्षी घरात मृत्यू झालाय, नोकरी गेलीय, लग्न मोडलंय, अशांनी यावं, शांत बसावं, मेणबत्ती लावावी, आनंदी दिसण्याची सक्ती नाही. आपल्याकडे ही प्रथा फारशी दिसत नाही. सुरू करायला हरकत नसावी.

मेणबत्त्यांचा विषय निघालाच आहे तर चर्चमध्ये दिसणाऱ्या त्या हिरव्या चक्राबद्दल सांगतो. ॲडव्हेंट रीथ फार प्राचीन असेल असं वाटतं, पण तसं नाही. हॅम्बुर्गमध्ये योहान हिन्रिख विखर्न या लुथरन गृहस्थाने १८३३ मध्ये गरीब, रस्त्यावर वाढणाऱ्या मुलांसाठी एक आश्रम काढला होता. मुलं रोज विचारायची, नाताळ कधी? १८३९ मध्ये त्याने गाडीचं जुनं चाक घेतलं आणि त्यावर मेणबत्त्या बसवल्या: रविवारसाठी मोठ्या पांढऱ्या, इतर दिवसांसाठी लहान लाल. रोज एक जास्त पेटवायची. हॅम्बुर्गमध्ये डिसेंबरात दुपारी चारच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे वाढत जाणारा उजेड मुलांना डोळ्यांनी दिसायचा. पुढे लहान मेणबत्त्या गेल्या, चार उरल्या, हिरव्या फांद्या आल्या, आणि विसाव्या शतकात कॅथलिकांनीही ती पद्धत उचलली. आपल्याकडचा डिसेंबर उबदार उन्हाचा, आणि फांद्या कोकणपट्टीत सुरूच्या, कुठे अशोकाच्या. चार मेणबत्त्यांना आशा, शांती, आनंद आणि प्रेम अशी नावं देण्याची पद्धत बऱ्याच मंडळ्यांत आहे. मला ती थोडी गुळगुळीत वाटते. पोरांच्या "कधी, कधी" या भुणभुणीला दिलेलं उत्तर म्हणून ते चाक जास्त खरं वाटतं.

मंडळीने एकत्र वाट पाहिल्याचं एक मोठं उदाहरण महाराष्ट्रातलंच आहे. २९ नोव्हेंबर १९७० या दिवशी नागपुरात सहा वेगवेगळे चर्चपंथ एक झाले आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. अँग्लिकन चर्च, आधीच एक झालेलं काँग्रिगेशनल-प्रेस्बिटेरियन मंडळ्यांचं संयुक्त चर्च, ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन परंपरेतले मेथडिस्ट, बॅप्टिस्ट, ब्रेदरन आणि डिसायपल्स. बोलणी १९२९ पासून चालू होती, म्हणजे एकेचाळीस वर्षं. भांडणाचे मुद्दे किरकोळ नव्हते. बिशप असावा की नसावा? तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा करायचा, की माणूस मोठा होऊन स्वतः विश्वास धरेल तेव्हा? या प्रश्नांवरून युरोपात माणसं मारली गेली आहेत. नव्या चर्चने बाप्तिस्म्याच्या दोन्ही पद्धती मान्य ठेवल्या. अमेरिकन मेथडिस्टांचं इथलं चर्च मात्र ऐन वेळी बाहेर राहिलं, तो सल बरीच वर्षं राहिला. नगर जिल्ह्यात अमेरिकन मिशन आणि अँग्लिकन मिशन अशी दोघांची कामं शेजारी शेजारी चालायची. तिथल्या घरांत कोण कुठल्या चर्चचं याला महत्त्व होतं. सोयरीक जुळवताना ते विचारलं जायचं. अशा लोकांनी एका सकाळी एकच नाव घेतलं. तो १९७० च्या आगमनकाळाचा पहिला रविवार होता.

आज आपल्या धर्मग्रामांत, म्हणजे एकेका चर्चच्या परिसरात, या चार आठवड्यांत काय घडतं? दिसायला साधंच. पापनिवेदनासाठी संध्याकाळच्या रांगा. वाडीवाडीतल्या लहान समूहांच्या प्रार्थना, एकेका घरी. सेंट विन्सेंट डी पॉल सोसायटीची माणसं गरीब घरांची यादी घेऊन फिरतात. तरुणांचा गट पेटीची चावी कुणाकडे आहे यावरून भांडतो आणि मग नाताळगीतांच्या तालमीला बसतो. मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांत 'उपासना संगीत' उघडून आगमनाची गीतं म्हटली जातात. गोव्यात मात्र हा काळ शांत राहणं कठीणच. ३ डिसेंबरला जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियरचं फेस्त, म्हणजे सण, ८ तारखेला पणजीत निष्कलंक गर्भसंभवाच्या मरियेचं. बाजार, खाजं, गर्दी. आगमनकाळाच्या साधेपणाचा आग्रह धरणारे याने थोडे कुरकुरतात. मला ती कुरकुर कळते, पण पटत नाही. फेस्ताच्या रांगेत तासन् तास उभी राहणारी माणसंही वाटच पाहत असतात.

कुरकुरायचंच असेल तर दुकानांवर कुरकुरावं. मॉलमध्ये नोव्हेंबरातच नाताळ लागतो आणि २६ डिसेंबरला उतरतो. चर्चच्या हिशेबात २५ डिसेंबरला नाताळ सुरू होतो आणि जानेवारीत प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत चालतो. म्हणजे दुकानातला झगमगाट उतरवला जातो तेव्हा इथे सणाला जेमतेम सुरुवात झालेली असते.

पाहायला जायचं असेल तर कुणीही जाऊ शकतं, दारात धर्म विचारत नाहीत. मागच्या बाकावर बसावं, मिस्सेत प्रसाद घ्यायला मात्र पुढे जाऊ नये, कारण ख्रिस्तशरीर हे बाप्तिस्मा घेतलेल्या कॅथलिकांसाठी असतं. २०२६ साली पहिला रविवार २९ नोव्हेंबरला येतो. आणि २०२८ साली एक मजा आहे. त्या वर्षी २४ डिसेंबर रविवारीच येतो, २०२३ साली आला होता तसा. म्हणजे चौथा रविवार आणि नाताळची आदली रात्र एकाच दिवशी. सकाळच्या मिस्सेला जांभळं वस्त्र, चौथी मेणबत्ती, मरियेची कथा. मग संध्याकाळच्या आत सगळं उतरवून पांढरं वस्त्र, फुलांची आरास, गोठ्याचा पडदा, माईक, पटांगणातल्या खुर्च्या. वेदी सजवणाऱ्या बायकांची आणि गायकवृंदाची त्या दिवशी जी तारांबळ उडते ती पाहण्यासारखी असते. दुपारच्या जेवणाला कुणी घरी जात नाही, कुणीतरी पातेलंभर पुलाव आणून ठेवतं आणि सगळे उभ्याउभ्याच खातात.